मुकी टाकी

आप्पा,

मला तुमची किळस येते. हे वाक्य मी आजवर मोठ्यानं म्हटलेलं नाही. आईसमोर तर नाहीच, आणि तुम्ही असताना म्हणायची माझी काय बिशाद होती. आता तुम्ही नाही, आई नाही, दौंडचा आपला प्लेटिंगचा कारखानाही नाही, त्या जागेवर मोबाइल दुरुस्तीची दुकानं झाली आहेत, म्हणून लिहायला बसले. राग म्हणाल तर तो कधीच निवला. मेलेल्या माणसावर किती वर्षं रागवायचं? किळसेचं तसं होत नाही. तिला वास असतो, आणि तो वास मला परवा पुन्हा आला, रांजणगावात, माझ्या थोरल्या मुलाच्या कंपनीत.

तिथं कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस होता. थोरला तिथं स्टोअरला आहे. शिरूरला आमच्या दाराशी कंपनीची बस आली, आम्हाला टोप्या दिल्या, सामोसे दिले आणि मशिनी दाखवत फिरवलं. शेवटी प्लेटिंगचा विभाग, लोखंडाला चकाकी चढवायचा. काचेच्या आडून बघायचं. पलीकडं क्रोमची टाकी, तीच लालभडक, आणि दाराच्या फटीतून तोच घशाला झोंबणारा वास. यंत्राच्या हातानं सामानानं भरलेला रॅक टाकीतून वर काढला आणि तो हात तिथंच थांबला. रॅक टाकीवर लोंबकळत राहिला, थेंब गळून टाकीतच पडत राहिले, आणि गळायचे थांबल्यावर मगच हात पुढच्या टाकीकडं सरकला. एक तरुण इंजिनिअर आम्हाला समजावून सांगत होता. म्हणाला, या पहिल्या टाकीला नळच नाही. सामानाला चिकटून आलेलं क्रोमचं औषध इथं उतरतं, आणि हे पाणी आम्ही परत मोठ्या टाकीत घालतो, म्हणून बाहेर विषारी पाणी अगदी थोडं जातं. मी विचारलं, या टाकीला तुम्ही काय म्हणता? त्यानं कसलंसं इंग्रजी नाव सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं हिला मुकी टाकी म्हणायचे. दौंडला. माझ्या वडिलांनी केली होती, बहात्तरच्या दुष्काळात."

त्या पोरानं डोळे मोठे केले. "काय सांगता काकू! त्या काळात हे कोण करत होतं? तुमचे वडील काळाच्या किती पुढं होते!" त्यानं आणखी दोघांना हाक मारून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आप्पा, तुमच्यासाठी. थोरल्याची छाती फुगली. "आई, कधी बोलली न्हाईस ते!" घरी येईस्तोवर त्यानं तुमचा फोटोही मागितला, कंपनीत दाखवायला. मी म्हटलं, फोटो कुठं गहाळ झाला कुणास ठाऊक. रात्री मी जेवले नाही. सगळ्यांना वाटलं सामोसा बाधला.

त्या टाळ्यांमध्ये मला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. तुम्हाला ते माहीतच आहे. पण माहीत असलेल्या माणसालाच सांगण्यात मला काही समाधान आहे, तेवढं घेऊ द्या.

आपला कारखाना म्हणजे बाजाराच्या मागची पत्र्याची लांबट शेड. पुढं घासून चकचकीत करायचं बफचं मशीन, मध्ये टाक्या, मागच्या भिंतीला खाली भोक आणि भोकाच्या पलीकडं ओढा. जमिनीला उतार तुम्ही मुद्दाम भोकाकडं काढून घेतला होता. सायकलींची हँडलं, मडगार्डं, नळाच्या तोट्या, कुणाकुणाच्या बुलेटचे सायलेन्सर, असलं गंजकं सामान शिरूर-केडगावपासून यायचं आणि जाताना त्यात तोंड दिसायचं. गिऱ्हाइकाला तुम्ही त्यात मिशी बघायला लावायचात. क्रोमच्या टाकीतून रॅक काढला की झटक्यासरशी शेजारच्या टाकीत, ही तुमच्या हाताची सवय. तिथं नळ कायम सुरू. पाणी भरून वर येतंय, फरशीवर सांडतंय, उतारानं भोकाकडं चाललंय, पिवळंधमक. झटक्यात जेवढं औषध सामानाला चिकटून बाहेर यायचं तेवढं सगळं ओढ्याला. तुमच्या धोतराला ते पिवळे डाग, तुमच्या बोटांच्या पेरांवर त्या औषधानं पाडलेली खोल भोकं, भरून न येणारी. आणि नाक. नाकातला मधला पडदा त्या वाफेनं खाल्ला होता, आरपार. दुसरा माणूस घाबरला असता. तुम्ही पाहुणे आले की आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागायचात, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून ओढून काढायचात, आणि पाहुणे हसून हसून लोळायचे. मग तो ओला दोरा आईपुढं धरायचात, "ठिव गं, चांगला हाय." आई तो चुलीत टाकायची. तुमची पहिली किळस मला त्या दोऱ्यानं आली असावी.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी सगळे आपापली हत्यारं धुऊन पुजतात. सुतार करवत पुसतो, शेतकरी नांगर धुतो. आपण टाक्या धुवायचो. आदल्या दिवशी वरचं चांगलं औषध पिंपात काढून घ्यायचं आणि तळाला साचलेला वर्षाचा गाळ फावड्यानं ओढत भोकाकडं न्यायचा. क्रोमचा पिवळा, निकेलचा हिरवा, शेणासारखा दाट. वरून नळी. सगळं ओढ्यात गेलं की कोरड्या टाकीला झेंडूचा हार, पाच बोटं कुंकवाची, समोर नारळ, आणि तुम्ही अंघोळ करून, नवी टोपी घालून हात जोडून उभे. "निर्मळ झालं. लक्ष्मीला निर्मळ लागतंय." पाठीमागं ओढा दोन रंगांनी वाहतोय. तो हार मीच ओवलेला असायचा, आणि तेव्हा मलाही सगळं खरंच निर्मळ वाटायचं. पाणी आपल्या भोकातून बाहेर पडलं की ते आपलं नाही, हे आपल्या घराचं शास्त्र होतं.

मग बहात्तर साल आलं. भीमेचं पात्र उघडं पडलं, नळ गुरगुरून गप्प झाला, रेशनला मिलो आला, ती परदेशी लाल ज्वारी. प्लेटिंगला धुवायला पाणी लागतं, आणि इथं प्यायलाच नव्हतं. कारखाना बंद. आपले दोन्ही कामगार दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. आपल्या शेडच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठानं बौद्ध वस्ती. तुम्ही शेवटपर्यंत तिचं जुनंच नाव घेत राहिलात. त्या माणसांना गावाच्या विहिरीवर सुखानं पाणी कधी भरू दिलं नव्हतं कुणी. त्या वर्षी दिवसभर सरकारची खडी फोडून आल्यावर ती उरलेल्या उजेडात ओढ्याच्या कडेलाच स्वतःची विहीर खणत होती, बाया मातीच्या पाट्या ओढत होत्या. आणि लागलं पाणी. पेठेत टँकरवर डोकी फुटत असताना त्यांच्या विहिरीला गोड झरा.

कुणाला किती पाणी द्यायचं ते वस्तीनं एका बाईवर सोपवलं होतं. नवरा रेल्वेत गँगमन, स्वतः उंच, सावळी, कमी बोलणारी. मी तिला मावशी म्हणायचे. तुम्ही तिच्याकडं गेलात तेव्हा मी मागं कळशी घेऊन उभी होते. तुम्ही टोपी हातात घेतली होती.

"अक्का," तुम्ही म्हणालात, "घरात प्यायाला थेंब न्हाई. आन् कारखान्याला दोन पिंपं मिळाली तर चूल पेटंल."

मावशीनं जरा वेळ तुमच्या टोपीकडं बघितलं. "न्या आप्पा. तहान काय आसती ते आमच्यावानी कुणाला ठावं हाय? पर आदी प्यायाचं, मग तुमच्या कारखान्याचं. आमचं पोरगं तहानलं तर पिंप मागारी घेईन."

"घ्या की. तुमचीच हीर हाय."

असे तुम्ही गोड. आणि मला बाजूला घेऊन काय सांगितलंत? पेठेतनं येऊ नको, ओढ्याच्या वाटेनं ये, कळशीवर फडकं टाक. घरी आल्यावर त्या पाण्यात तुम्ही तुळशीचं पान टाकायचात, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचात आणि मगच पेला ओठाला लावायचात. आई पान न टाकता प्यायची, तुमच्या समोर, गटागटा. तिला बोलला असता तर पाणी बंद झालं असतं, कारण ते आणणारी मी होते आणि मी आईचं ऐकत होते.

दोन पिंपांत कारखाना चालणं शक्यच नव्हतं. तो चालला तो आईच्या भांडी घासण्यामुळं. आईचं माहेर शिरूरच्या बाजूला माळावरचं, तिथं दुष्काळ काही बहात्तरची वाट बघत बसत नाही. तिथल्या बायका भांडी तीन घमेल्यांत धुतात. पहिल्यात नुसतं खरकटं उतरवायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात खळबळून काढायचं. पहिल्यातलं पाणी दाट झालं की म्हशीच्या आंबोणात ओतायचं. मग दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात, तांब्याभर. आणि भांडं एका घमेल्यातून काढलं की ते पालथं धरून उभं राहायचं, त्याचा शेवटचा थेंब त्याच घमेल्यात पडेपर्यंत. तुम्ही जेवत होता, मिलोची लाल भाकरी, आणि आई अशी बसली आहे, पातेलं पालथं धरून.

"काय भातुकली मांडलीस गं?" तुम्ही म्हणालात.

आईनं मान वर केली नाही. "भातुकली न्हवं. माझं खरकटं म्हशीच्या पोटात जातंय. तुमचं म्हागाचं औषद कुणाच्या पोटात जातंय?"

तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही त्या घमेल्यांकडं बघताय, पहिलं, दुसरं, तिसरं, परत पहिलं. मग तुम्ही उठलात, हात धुतलेत, चपला सरकवल्यात आणि कारखान्यात गेलात. आईनं तुमची अर्धी भाकरी झाकून ठेवली.

त्यानंतरचे महिने मी कधी कुणाला सांगितले नाहीत, कारण ते चांगले होते. तुम्ही रिकाम्या पडलेल्या तीन टाक्या क्रोमच्या टाकीशेजारी ओळीनं लावल्यात. पहिलीला नळ नाही, तोटी नाही. "ही मुकी," तुम्ही म्हणालात. "हिला बोलाया लावायचं न्हाई." क्रोमची टाकी गरम, तिच्यातलं पाणी रोज वाफेनं कमी व्हायचं, तेवढं मुक्या टाकीतलं पिवळं पाणी तिच्यात भरायचं. औषध घरच्या घरी परत. दुसऱ्या टाकीतलं पाणी मुक्या टाकीत, तिसरीतलं दुसरीत, आणि मावशीच्या विहिरीचं पाणी फक्त तिसरीत. भिंतीच्या भोकात तुम्ही पोतं कोंबून वर चिखल लिंपलात. कामगार नव्हते, म्हणून रॅक धरायला मी. मी सवयीनं झटका दिला तर तुम्ही माझं मनगट हळूच धरायचात. तुमचा तो भोकं पडलेला हात. "थेंब पडू दे. घाई न्हाई. त्येला त्येच्या घरी जाऊ दे." आपण दोघं उभे आहोत, रॅक टाकीवर, हँडलांच्या टोकाला एकेक लाल थेंब जमतोय, फुगतोय, पडतोय. शेडमध्ये कसलाच आवाज नाही. तुम्ही तेव्हा शहाणे दिसायचात, आप्पा. तुमच्याकडं बघत राहावंसं वाटायचं. त्या खंडेनवमीला टाक्या धुतल्याच नाहीत. औषध फडक्यातून गाळून परत टाकीत घातलं, थोडासा गाळ निघाला तो पिंपात भरून झाकण लावलं. न धुतलेल्या टाकीला हार घालताना तुम्ही हसलात. "यंदा लक्ष्मी पारोशीच."

आणि तुम्ही मावशीला भेट दिलीत. तिचं एक पितळी पातेलं मागून आणलंत, स्वतः बफ केलंत, आतून बाहेरून निकेल चढवलंत. मी ते पोचवलं तेव्हा तिनं पदरानं हात पुसूनच ते घेतलं. "आगं बया, चांदीचं केलं की आप्पांनी!" आत डोकावून तिनं स्वतःचं तोंड बघितलं आणि लाजली. ते पातेलं तिनं वापरायला काढलं नाही, फळीवर मांडून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं आणि नळ पुन्हा बोलू लागला. आईनं तोटीला हळदकुंकू लावलं. तुम्ही कारखान्यात गेलात आणि मुक्या टाकीत नळी सोडलीत. मी तिथंच होते. मला वाटलं तुम्ही विसरलात.

"आप्पा, ही मुकी हाय ना?"

"आता पानी आलंय की! किती येळ हुबं ऱ्हायाचं थेंबाची वाट बघत? गिऱ्हाईक दारात खोळंबलंय."

भोकातलं पोतं तुम्ही पायानं ढकललंत. तेवढं एकच काम होतं, पायाचं. किळस येते ती इथं येते. अडाणीपणानं वागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांची कीव येते. तुम्ही अडाणी नव्हता. तुम्हाला कळलं होतं, तुम्ही करून पाहिलं होतं, सामान तसंच चकाकत होतं, औषध उलट कमी लागत होतं. माणसाला रॅक धरून जरासं उभं राहावं लागत होतं, बाकी काहीच नाही. तेवढंही तुम्हाला जड झालं, कारण आता नळ होता आणि विहीर फक्त वस्तीची राहिली होती. त्या सालच्या खंडेनवमीला तर तुम्ही कहर केलात. नव्या गाळाबरोबर दुष्काळात पिंपात जपून ठेवलेला गाळही काढलात आणि सगळंच नळीनं धुऊन ओढ्यात घातलंत. दोन हार आणलेत त्या वर्षी. मी ओवले नाहीत, तुम्ही बाजारातून आणलेत.

दिवाळी होऊन गेल्यावर मावशी कारखान्यात आली. ती कधी आत आली नव्हती. दोन्ही हातांत ते पातेलं, वर झाकण. तुम्ही बफवर होता.

"शेठ," ती म्हणाली. आप्पा नाही, शेठ. ते मला आधी ऐकू आलं.

"काय गं बाई?" तुमचीही अक्का राहिली नव्हती.

"आमच्या हंड्या पितळंच्या. त्येच्यात पाणी बी पितळंवानीच दिसतंय, म्हून कळलं न्हाई. पोरांच्या तोंडाला फोड आल्यात, पोटात कळा येत्यात. आम्ही म्हटलं सणाचं बाधलं. काल पाव्हणे आले म्हून हे तुमचं पातेलं फळीवरनं काढलं, आन् त्येच्यात पाणी वतलं."

तिनं झाकण काढलं. पांढऱ्या, आरशासारख्या पातेल्यात पिवळं पाणी. आपल्या शेडमध्ये ते पाणी ओळखायला कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही वाकून बघितलंत, आप्पा, आणि मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही पाण्याकडं बघतच नव्हता. तुम्ही पातेल्याच्या काठावरून अंगठा फिरवलात आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "बघ. अजून चकाकी गेली न्हाई."

मग मावशीला म्हणालात, "हिरीला गंधकाची शीर लागली आसंल. औषदी आसतंय ते पाणी. लोक लांबनं येत्यात आसल्या पाण्याला."

मावशी हसली नाही, चिडली नाही. पातेलं तिनं तुमच्या तोंडापाशी नेलं. "मग घ्या की घोटभर. औषदी हाय न्हवं? तुळशीचं पान टाकून घ्या."

बफचं चाक आपलं फिरतंय. तिला माहीत होतं. पानाचं, फडक्याचं, ओढ्याच्या वाटेचं, सगळं तिला तेव्हापासून माहीत होतं, आणि तरी तिनं वर्षभर आपल्या कळश्या भरल्या होत्या. तुमचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. कामाच्या वेळेला कटकट नको, असं काहीतरी ओरडलात. ती थांबली नाही. तिनं ते पाणी फरशीवर ओतलं नाही, उतारावर तर नाहीच. समोरच होती ती मुकी टाकी, तिच्याशी जाऊन ते तिच्यात ओतलं, पातेलं पालथं धरून शेवटचा थेंब पडू दिला, आणि ते तिथंच फरशीवर ठेवून निघून गेली. तिला हे थेंबाचं कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. तीही कोरड्या माळावरचीच असणार, आईसारखी.

पातेलं मी घरी आणलं. ते आईनं पाहिलं, माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, आणि तुम्ही जेवायला बसल्यावर एवढंच म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो. त्यांच्या हिरीवर जगलो आपुन." तुम्ही म्हणालात, भात वाढ. दुसऱ्या दिवशी आईनं आपल्या नळाचं पाणी भरून हंडा माझ्या डोक्यावर दिला, हातात ते पातेलं दिलं, आणि म्हणाली, पेठेतनं जा. फडकं टाकू नको. मी भर बाजारातून गेले. मावशी दारातच होती. "ठिव तिथं," ती म्हणाली. "पोरांच्या आंघुळीला हुईल. प्यायाचं आमी रेल्वेच्या नळावरनं आणतो." पातेल्याला तिनं हात लावला नाही. "ते तुमचंच. त्येच्यात तोंड बघायची हौस फिटली माझी." परत येताना तुम्ही मला बाजारात गाठलंत आणि चार माणसांत बोललात, "गावाला पाणी पाजाया निघाली का तू? बापाच्या तोंडाला काळं फासती!" माझी मान खाली गेली नाही. मला तुमच्या नाकाकडं बघवत नव्हतं म्हणून मी दुसरीकडं बघितलं.

विहीर नासली ती नासलीच. तिच्यावर काटे टाकले, मग कचरा, आणि पुढं ती बुजवून टाकली. रोज मजुरी करून आल्यावर खणलेली विहीर. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन रुळांपलीकडं जायच्या, आणि ते आपल्या शेडच्या दारातून दिसायचं. कुणी तुम्हाला जाब विचारला नाही, त्या काळी विचारणारंही कुणी नव्हतं. तुम्ही नवी लांबलचक टाकी आणलीत आणि मुकी टाकी निळ्या रंगानं रंगवून दारात ठेवलीत, तुमच्या आईच्या नावानं, "मुक्या जनावरांसाठी पाणी". येता-जाता लोक म्हणायचे, आप्पा पुण्यवान माणूस. बैल तोंड घालायचे आणि मी बघत बसायचे की एखादा तरी तोंड फिरवतो का. माझं लग्न ठरलं तेव्हा शिरूरचं स्थळ आहे म्हटल्यावर मी मुलगाही नीट बघितला नाही. दौंड सुटणार एवढं पुरे होतं. आणि तुम्ही गेलात तेव्हा रिवाजाप्रमाणं आईनं तुमच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं. सगळे रडत होते. मी त्या पानाकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि बाहेर गेले. बायका म्हणाल्या, पोरीला बापाचा फार लळा.

तर हे तुमचं काळाच्या पुढं असणं. थोरला कालही फोटोबद्दल बोलला. फोटो गहाळ झालेला नाही. माझ्या कपाटाच्या खणात आहे, नवी टोपी घातलेला, खंडेनवमीचाच. नाकाचं फोटोत काही कळत नाही. हे कागद मी त्याच्याखाली ठेवून देणार आहे. तुम्हाला ते पोचणार नाहीत, आणि ज्या मावशीला पोचायला हवेत तिच्या दारात तेव्हाही मी फक्त हंडाभर पाणी घेऊन गेले होते.

एक मात्र सांगून टाकते. ते पातेलं माझ्याकडं आहे. आतलं निकेल जागोजाग गेलं आहे, खालचं पितळ दिसतं, पण मी त्यात रोज दूध तापवते. सून घरात नळाखाली भांडी धडाधड धुते. मी अजून तीन टोपांत धुते, ती हसते, म्हणते, आई, पाणी आहे की भरपूर. मी पातेलं पालथं धरून उभी राहते. काठाला एक थेंब जमतो, फुगतो, लोंबतो. कुणीतरी मनगट हळूच धरलंय असं वाटतं. आणि आप्पा, तो थेंब पडेपर्यंत, तेवढा वेळ, मला तुमची किळस येत नाही.